शाल्मलीचं ताट

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा. समजा, आज दसरा आहे. दाराला झेंडूचं तोरण लागलंय, देवघरातले घट उठलेत, आणि पुरण शिजल्याचा वास स्वयंपाकघरातून निघून थेट तुमच्या नाकाशी येऊन बसलाय. गूळ, वेलची, जायफळ. तव्यावर पोळी टम्म फुगतेय. पानं वाढली जातायत. सगळ्यांच्या ताटात पुरणपोळी, पोळीवर तुपाची धार. तुमच्या ताटात मात्र तांदळाचं धिरडं. वाटीत पुरण आहे, कटाची आमटी आहे, पण पोळी नाही. पोळीचा तुकडासुद्धा नाही. पोळीला लागलेला चमचासुद्धा नाही.

काय कराल? रुसून उठाल? की कुणाचं लक्ष नाही असं बघून शेजारच्या ताटातला एक घास हळूच तोंडात टाकाल?

आता डोळे उघडा. शाल्मली मिरगणेनं यातलं काहीच केलं नव्हतं, पण ते कुणाला पटत नव्हतं.

बार्शीला आमच्या घराला लागून मिरगण्यांचं घर. मी शाळेत शिकवायची आणि शाल्मली माझ्याच वर्गात, चौथीत होती. हुशार, बोलघेवडी, आणि इतकी हडकुळी की दप्तर पाठीला लावलं की मागे झुकायची. पोट सारखं दुखायचं. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून निदान केलं. गहू तिच्या आतड्यांना चालत नव्हता. गहू म्हणजे चपाती, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, पाव, सगळंच आलं. थोडासाही नको, म्हणाले. कणभरही नको.

तुम्हाला वाटेल, आता बिचारीनं खायचं काय? पण त्या घरात आक्का होत्या.

आक्का म्हणजे शाल्मलीच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आल्या आणि आल्या त्या दिवसापासून चूल त्यांच्याकडे. शाल्मलीची आई सुवर्णा कापडाच्या दुकानात हिशेब बघायची, वडील फिरतीवर. त्यामुळे मुलीचं खाणंपिणं आक्काच बघायच्या. डॉक्टरांचं ऐकून आल्यावर पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "गहू कुणाला बाधत असतोय का? डॉक्टर लोकांचं काय तरी एकेक!" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाल्मलीसाठी वेगळा पोळपाट, वेगळा तवा आणि वेगळे डबे काढले. मग काय विचारता! ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, नाचणीचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या, मक्याच्या पिठाची थालीपिठं, खोबरं घातलेली तांदळाची उकड. मधल्या सुट्टीत तिचा डबा उघडला की वर्गातल्या पोरी आपापल्या चपातीकडे दुःखानं बघायच्या.

एवढं करून त्या तिच्यासमोर बसायच्या आणि म्हणायच्या, "एकदा तरी तोंडानं म्हण की गं, आक्का, मला भूक लागली."

शाल्मली हसायची. चिमणीसारखं चार घास खायची आणि ताट सरकवायची. वर्षभरात ते वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

कारण गहू बंद होऊनही पोट दुखायचं थांबलं नव्हतं. पहिल्यापेक्षा कमी झालं, पण थांबलं नाही. वजनकाटा हलेना. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोय. शोधा."

घरी सगळ्यांनी आधी शाल्मलीवरच बोट ठेवलं. शाळेत मैत्रिणींच्या डब्यातलं खात असणार. सुवर्णानं मला सांगितलं, "बाई, जरा लक्ष ठेवा." मी मधल्या सुट्टीत तिच्याजवळच बसायला लागले. मुलगी कुणाच्या डब्याकडे मान वळवायची नाही. एकदा एकीनं शंकरपाळं पुढं केलं, तर हिनं हात मागं बांधले. मी सुवर्णाला तसं सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिच्या मनातली शंका शाळेतून निघाली आणि घरात येऊन बसली.

शेवटी ठरलं असं, की दिवाळीनंतरच्या तपासणीत वजन वाढलं नाही, तर शाल्मलीला पुण्याला मामाकडे ठेवायचं. मामी घरीच असते, नीट लक्ष ठेवेल. शाळाही तिकडेच.

"बाई, पुण्यात आक्का नसणार," शाल्मली मला म्हणाली. एवढंच म्हणाली.

नवरात्रात एक गंमत झाली. आक्का नऊ दिवस उपवास करायच्या. शाल्मलीनं हट्ट धरला, मीही तुझ्याबरोबर उपवास करणार. सुवर्णाही म्हणाली, करू दे, उपवासाला तसाही गहू नसतोच. मग दोघींचं एकच ताट. वरईचा भात, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू. चौथ्या-पाचव्या दिवशी मी फळ्यावर गणित लिहीत होते, तर मागून शाल्मलीच्या हसण्याचा आवाज आला. मागं वळून रागवणार होते, पण रागवले नाही. गालांवर रंग होता तिच्या. घरी ताट सरकवत नव्हती. रात्री पोट धरून उठत नव्हती.

"आईसाहेबांची कृपा," आक्का म्हणाल्या आणि तुळजापूरच्या दिशेला हात जोडले.

मग दसरा आला.

संध्याकाळी मी सोनं द्यायला मिरगण्यांकडे गेले, तर दारात कुणी नाही. आतून आवाज येत होते. शाल्मली सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. आक्का उशाशी बसून तिच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लावत होत्या. शेजारी ताकाचा पेला.

"घे बाळा. हिंग कालवलाय जास्तीचा. दोन घोट घे, लगेच उतार पडंल."

शाल्मलीनं उठून नाक मुरडत ताक प्यायलं. सुवर्णा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला बघितल्यावर ती बोलायची थांबेल असं वाटलं होतं, पण ती थांबली नाही.

"नऊ दिवस ठणठणीत होती, बाई. नऊ दिवस! आज घरात पोळ्या झाल्या आणि आजच हे. आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय काढायचा?"

"काय काढतीस?" आक्का म्हणाल्या.

"आक्का, तुमची माया मला कळते. सणाचा दिवस, पोर सगळ्यांच्या तोंडाकडं बघतेय, तुम्हाला राहवलं नसेल. एखादा तुकडा दिला असेल. पण खरं सांगा."

आक्कांनी लेपाची वाटी खाली ठेवली. "मी दिला?"

"मग कुणी दिला?"

"मी पोळी खाल्ली नाही," सतरंजीवरून शाल्मली म्हणाली.

"तू गप्प पड."

"आई, खरंच नाही."

"सुवर्णा," आक्का म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "ह्या पोरीसाठी मी तांदूळ गिरणीत देत न्हाई. तिथं गहू दळतात म्हणून घरी मिक्सरला लावून चाळते. माझं मनगट दुखतंय, पण मी कुणाला बोलले न्हाई. आणि तू म्हणतीस मी चोरून पोळी घातली." त्या उठल्या. "उद्या दुपारच्या गाडीनं मी लातूरला धाकट्याकडं जाते. पोरीला पुण्याला धाडायची गरज न्हाई. मी गेले की तिची तब्येत आपोआप सुधारंल."

"आक्का, मी असं म्हटलं का?"

"म्हटलंस की."

आपट्याची पानं माझ्या हातातच राहिली. शेवटी मी ती देवघरापाशी ठेवली आणि शाल्मलीजवळ बसले.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला तरी खरं वाटतं ना?"

"वाटतं."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी सांगून काय होणार? मला वाटणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. तू पोळी खाल्ली नाहीस, हे खरं. पोट दुखलं, हेही खरं. मग दोन्ही खरं कसं, ते शोधायचं. आज झोप."

आमच्या वर्गात आम्ही एक खेळ खेळायचो. एका ताटात खडू, चावी, बटण, चिंचोका अशा वस्तू मांडायच्या. सगळ्यांनी नीट बघायच्या. मग वरून रुमाल टाकायचा, मी गुपचूप एक वस्तू काढून घ्यायची, रुमाल उचलायचा आणि विचारायचं, काय गेलं? शाल्मली त्यात कधी हरायची नाही. कधीकधी मी उलटं करायची, एखादी वस्तू वाढवायची. मग प्रश्न, काय आलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते तेव्हा ती कुंपणाच्या फटीतून आली. चेहरा उतरलेला, पण डोळे चमकत होते.

"बाई, काय आलं?"

"कुठे काय आलं?"

"ताटात. नवरात्रात माझं ताट वेगळं होतं आणि काल वेगळं होतं. काल ताटात काय आलं, ते बघायचं. नुसती पोळीच आली असं सगळे धरून चाललेत. पोळी तर माझ्या ताटात नव्हतीच." तिनं माझा हात ओढला. "चला ना. मी एकटी म्हटलं तर मला हाकलतील."

मिरगण्यांच्या स्वयंपाकघरात आक्का पाठ करून डबे पुसत होत्या. जाणाऱ्या बायका पुसतात तसे, एकेक, सावकाश. कोपऱ्यात त्यांची कापडी बॅग भरून तयार होती. सुवर्णा चहा गाळत होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण आक्कांचा चहा मात्र बिनसाखरेचा वेगळा काढून ठेवलेला होता.

शाल्मली फरशीवर बसली. "आक्का, उपवासाला तू काय काय घातलंस, सांग ना."

"आता कशाला?"

"सांग की गं."

"बाई, बघा ही पोर," आक्का मला म्हणाल्या. पण सांगायला लागल्या. वरई, साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, राजगिरा, तूप, जिरं, मिरची, मीठ, गूळ. आक्का नाव घेत होत्या आणि शाल्मली डबा काढून डाव्या हाताला मांडत होती.

"आता काल मला काय वाढलंस?"

"तांदळाचं धिरडं. पुरण. भात. कटाची आमटी." आक्कांचा स्वर जरा तुटला. "आणि पोळी, तुझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणं."

सुवर्णानं गाळणं जरा जोरात आपटलं.

तांदूळ, हरभऱ्याची डाळ, वेलची, जायफळ उजव्या हाताला आले. मग शाल्मलीनं मसाल्याचा डबा उघडून त्यातल्या वाट्याही मांडल्या. जिरं डावीकडं होतंच, ते तिनं वगळलं. राहिली हळद, मोहरी, काळा मसाला आणि हिंगाची गोल डबी.

"तांदळानं होईल का?" तिनं मला विचारलं.

"आज इतकी वर्षं तू भात खातेस. डॉक्टरही खा म्हणाले."

तिनं तांदूळ मागं सरकवला. डाळ, वेलची, जायफळ असं एकेक उचलून बघून मागं सरकवलं.

"आक्का, हळद उपवासाला का नाही घालत?"

"न्हाई चालत. मोहरी न्हाई, हळद न्हाई, हिंग न्हाई. आमच्या सासूबाईंपासून."

"हळद कशाची असते?"

"कशाची म्हंजे? कंद असतो जमिनीत. वाळवायचा, दळायचा."

"मोहरी?"

"बी असतंय."

"हिंग?"

"हिंग म्हंजे झाडाचा चीक. लांबनं येतो, डोंगराळ मुलखातनं."

शाल्मलीनं डबी उघडली. आत पिवळसर पूड होती. तिनं बोटानं चाचपली. "पण चीक चिकट असतो ना? ही तर भुगाभुगा आहे."

"अगं, नुसता चीक कुणाला सोसंल? खड्याचा कण पडला तर सगळं पातेलं कडू. म्हणून त्यात पीठ कालवतात, मग त्याची..."

आक्का बोलायच्या थांबल्या.

 पुढचं विचारलं सुवर्णानं, हातातलं भांडं तसंच धरून.

"कसलं पीठ, आक्का?"

"मला काय ठाऊक," आक्का म्हणाल्या. "पीठ म्हंजे पीठ. आम्ही कधी विचारलं न्हाई."

सुवर्णानं डबी उचलली, पायात चप्पल सरकवली आणि ती तशीच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली. आम्ही तिघी तिथंच बसून राहिलो. आक्कांचं लक्ष दाराकडं होतं. चहावर साय धरली.

सुवर्णा परत आली ती पळतच. "गव्हाचं," ती म्हणाली. "बांधानी, म्हणजे असा पीठ कालवलेला हिंग, त्यात बहुतेक गव्हाचंच पीठ असतं म्हणाले. माहीत नव्हतं का, म्हणून मलाच हसले."

आक्कांनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. मग त्या एकेक गोष्ट आठवत मोठ्यानं बोलायला लागल्या, कुणाला उद्देशून नाही. लाह्यांच्या चिवड्याच्या फोडणीत हिंग. थालीपिठात हिंग. काल डाळ जड म्हणून कटाच्या आमटीत नेहमीच्या दुप्पट. काळ्या मसाल्यात तर कुटतानाच घातलेला. आणि पोट दुखलं की ताकात. जास्त दुखलं की जास्त.

"रोज," त्या म्हणाल्या. "मी तिच्या पोटासाठीच घालत होते, सुवर्णा. रोज माझ्या हातानं."

 सुवर्णानं डबी मुठीत घट्ट धरली. म्हणाली, "मी पण खातेय ना तोच हिंग. मला तरी कुठं माहीत होतं." मग आणखी हळू, "काल मी जे बोलले ते..."

"ते जाऊ दे," आक्का म्हणाल्या. "तू पोळी म्हणालीस, पोळी नव्हती. पण गहू माझ्याच हातनं गेला की न्हाई? मग तुझं काय खोटं?" त्यांनी पदरानं हात कोरडे केले आणि कोपऱ्यातली बॅग उचलली. "माझ्या हाताची आता मलाच खात्री वाटंना. आणखी कशात काय असंल, मला कुठं कळतंय? पोरीला तू बघ. बाई, तुम्ही जरा रिक्षा थांबवता का?"

मी जागची हलले नाही. सुवर्णा पुढं झाली आणि तिनं बॅगेचा दुसरा बंद धरला. आक्कांनी सोडला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या, मध्ये बॅग.

शाल्मली फरशीवरून उठली. तिनं आईच्या मुठीतून हिंगाची डबी काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या हातात दिली.

"बाई, ही तुमच्याकडं न्या. तुम्हाला चालतो ना गहू?"

मग काळ्या मसाल्याची वाटी उचलून तिनं तीही माझ्या पुढ्यात आणून ठेवली. उपवासाचे डबे होते तसेच राहू दिले. मोरीवर जाऊन हात धुतले, साबण लावून, मनगटापर्यंत. फडताळातून स्वतःचं ताट काढलं, भिंतीशी टेकवलेला पाट ओढून शेगडीसमोर मांडला आणि मांडी घालून बसली. ताट पुढ्यात ठेवून तिनं मान वर केली.

"आक्का," ती म्हणाली, "मला भूक लागली."